शनिवारची अंघोळ

वेस्ट मांबलम, चेन्नई
५ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

नमस्कार, तुम्हाला आणि तुमच्याआधी मामीला. फोनवर तुम्ही तीनदा "काय?" विचारता आणि चौथ्यांदा न ऐकताच "बरं बरं" म्हणता. कानाचं यंत्र कपाटात आणि तुम्ही ओट्यावर, हे मामीने मला कळवलंय. म्हणून हे पत्र. आठवीनंतर पहिल्यांदाच मराठीत इतकं लिहितेय, तेव्हा लाल पेन बाजूला ठेवून वाचा.

मला एका इंग्रजी शब्दाचा अर्थ हवाय. मोबाइलमधला नको. तुम्ही कुडाळच्या शाळेत तीस वर्षं सांगायचात तसा, मुळापासून.

झालं असं. काल श्रीलक्ष्मी मावशी आल्या होत्या. या माझ्या सासूबाईंच्या मावसबहीण, तंजावरहून येतात आणि घरभर नजर फिरवतात. मी आत चहा करत होते. त्यांनी विचारलं, "मुलगी मासे खाणाऱ्यांतली गे. कसं चालवतेस, चंद्रिका?" आणि अम्मा (सासूबाईंना मी अम्मा म्हणते) शांतपणे म्हणाल्या, "टॉलरन्स. व्हॉट एल्स?" एरवी घरात सगळे तंजावरी मराठी बोलतात, हे मात्र इंग्रजीतून, म्हणजे मला कळावं म्हणून की कळू नये म्हणून, कोण जाणे.

मामा, चौदा महिने झाले लग्नाला. या घरात आल्यापासून माशाचं नावही मी काढलेलं नाही. सकाळी अम्मांचं सोवळं असतं, त्याला इथे मडी म्हणतात. त्यांचा स्वयंपाक होईपर्यंत मी स्वयंपाकघराच्या दाराशीसुद्धा जात नाही. आणि एवढं करून मी काय, तर सोसायची वस्तू?

त्यात कालचीच दुसरी गोष्ट. संध्याकाळी अम्मा बाहेरून आल्या, हातात डबा होता. मी घ्यायला पुढे झाले तर विंचू दिसावा तशा मागे सरल्या. "शिवू नको! नहाणं व्हायचंय!" आणि थेट मोरीत.

श्रीवत्सला कंपनीकडून अंबत्तूरला, चेन्नईच्याच दुसऱ्या टोकाला, आम्हा दोघांसाठी फ्लॅट मिळतोय. फेब्रुवारीअखेर हो किंवा नाही कळवायचंय. तो म्हणतो, तू ठरव. मी काय ठरवायचं ते या शब्दावर आहे, तेव्हा लवकर कळवा.

तुमची,
निधी

*

कुडाळ
१३ जानेवारी २०२५

चि. निधी,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मला इतका आनंद झाला की मामीने विचारलं, कोणाचं लग्न ठरलं? निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षांत मला कोणी शब्दाचा अर्थ विचारला नव्हता. लाल पेन उघडलंच नाही. ("मोरीत" शुद्ध लिहिलंयस.)

आता शब्द. टॉलरन्सचं मूळ लॅटिन, टोलेरारे. अर्थ: ओझं उचलून धरणं, पेलणं. इंग्रजीत आला तेव्हा त्याचा दुसऱ्या माणसाशी काही संबंध नव्हता. थंडी, दुखणं, हाल अंगावर काढण्याची ताकद, एवढाच अर्थ. शेजाऱ्याचा धर्म, त्याची मतं, त्याचं जेवण चालवून घेणं हा अर्थ पुढे दोन-तीनशे वर्षांनी चिकटला. आणि गंमत बघ. ज्या अतिप्राचीन धातूपासून टोलेरारे आला, त्याच धातूपासून संस्कृतातली तुला आली. म्हणजे आपलं तोलणं. आधी उचलायचं, मग वजन कळतं. तुझ्या सासूबाईंचा शब्द आणि बाजारातला काटा एकाच घराण्यातले निघाले! हे वाचून मी उठून ओट्यावर दोन फेऱ्या मारल्या.

आपल्याकडे या एका शब्दाला किती शब्द आहेत! सोसणं, खपवून घेणं, चालवून घेणं, निभावून नेणं. प्रत्येकात ओझ्याचं वजन वेगळं.

आता मामा म्हणून. माझं मत विचारशील तर अंबत्तूर. त्या लोकांचा अनुभव मी तुझ्या लग्नात घेतलाय. पंगतीतून मी उठलो होतो ना, पोट बिघडलं म्हणून? जाऊ दे.

पण मास्तर म्हणून तुला गृहपाठ देतो. ओझं म्हटलं की दोन प्रश्न येतात: उचललंय कोणी, आणि काय उचललंय? तुझ्या सासूबाई नेमकं काय उचलतात, ते तीन शनिवार-रविवार नुसतं बघ. आधी बघ, मग रड.

उद्या संक्रांत. तिळगूळ पार्सलने पाठवलाय, मामीने अर्धा किलो म्हणून एक किलो भरलाय.

तुझा मामा,
शरदचंद्र

*

वेस्ट मांबलम
२६ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

तिळगूळ पोचला. अम्मांनी देवापुढे ठेवला आणि मग एकट्यांनी सहा वड्या खाल्ल्या. मोजत नव्हते, पण गृहपाठ होता.

तर माझी निरीक्षणं. अम्मा साडेचारला उठतात. ओल्या लुगड्याने स्वयंपाक करतात. अप्पा, म्हणजे माझे सासरे सेतुमाधव, सकाळचं सोवळ्यातलं जेवण दुसऱ्या कोणाच्या हातचं खात नाहीत; संध्याकाळचं साधं मी करते, ते खाऊन "चांगलं झालंय" म्हणतात. बँकेत कारकून होते तेव्हाही घरचाच डबा. अम्मांना गेली सदतीस वर्षं ताप आला तरी सुट्टी नाही. हे झालं एक ओझं. माझ्यासाठी त्या मागच्या गॅलरीत वेगळी शेगडी ठेवतात, सकाळचा चहा मला उशिरा मिळू नये म्हणून. ही शेगडी मला दूर ठेवायला आहे असं मी समजत होते. आता नक्की सांगता येत नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. शनिवार!

दर शनिवारी दहाला अम्मा एकट्या निघतात. हातात पितळी डबा. सांगतात, तिरुवोत्तियूरच्या देवीला जाते. परत येतात चारला. मी दोन शनिवार नीट बघितलं. पिशवीत कुंकू नाही, विभूती नाही, फूलसुद्धा नाही. देवळातून कोणी असं हात हलवत येतं का? आणि चपलांना वाळू. आल्या की माझ्यापासून दहा हात लांबून जातात. अप्पांच्या जवळून जातात, श्रीवत्सच्या जवळून जातात, फक्त मला बघून भिंतीला चिकटतात. मग डोक्यावरून अंघोळ आणि साडी लगेच वेगळ्या बादलीत. देवीला जाऊन आल्यावर कोणी अंघोळ करतं का, मामा? आपण तर करत नाही.

आणखी एक. साडेतीनला अप्पा पेपर बाजूला ठेवतात, उठून गीझर लावतात आणि परत पेपर उघडतात. एरवी पंख्याचं बटणही ते दुसऱ्याला दाबायला लावतात.

श्रीवत्सला विचारलं. म्हणाला, "अम्माचं आहे काहीतरी, तू नको पडू." या घरात न पडायच्या जागा पुष्कळ आहेत. त्याची मोठी बहीण भव्या, तिचाही विषय काढायचा नाही. तिने नऊ वर्षांपूर्वी मनाविरुद्ध लग्न केलं आणि अप्पांनी देवापुढे शपथ घेतली: ती माझा उंबरठा ओलांडणार नाही, मी तिचा ओलांडणार नाही. ती कुठे असते विचारलं तर "नंतर सांगतो". चौदा महिने नंतर सांगतोय.

मला एवढंच दिसतं की अम्मांना माझा विटाळ वाटतो आणि शनिवारी जास्त वाटतो. अंबत्तूरला हो म्हणायचं मनात पक्कं होत चाललंय. तरी तुम्हाला काही सुचतं का बघा.

तुमची,
निधी

*

कुडाळ
४ फेब्रुवारी २०२५

चि. निधी,

मला सुचलं ते आधी सांगतो: शनिवार, डबा, अंघोळ, म्हणजे शनीचं देऊळ. तेल वाहायला जात असतील आणि शनीचं नाव घरात घ्यायचं नसेल. हे मी मोठ्या रुबाबात मामीला वाचून दाखवलं. मामी कोकमं निवडत होती. म्हणाली, "शनी नाही हो. मासे."

मी म्हटलं, "काय?" ती ओरडून म्हणाली, "मासे!" शेजारच्यांना वाटलं बाजार लागला.

आता मला एक कबुली द्यायची आहे. तुझ्या लग्नात पंगतीत तुझ्या सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "यू पीपल टेक फिश, नो?" भर पंगतीत, निधी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पोटाचं निमित्त केलं, उठलो आणि लॉजवर जाऊन केळी खाल्ली. इतके महिने तो अपमान मी जपून ठेवला होता. तुला अंबत्तूरला जा म्हणालो, त्यात तो होताच.

काल मामीने सांगितलं की ते वाक्य अर्धं होतं. मी उठून गेलो, ती बसून राहिली. पुढचं असं होतं: "मग अंगाचा वास कसा घालवता?" मामीला वाटलं, सून कोकणातली येतेय म्हणून विचारतायत बिचाऱ्या. तिने सांगितलं, हाताला लिंबू चोळा, पण वास हाताला नसतो, तो केसांत बसतो आणि साडीत बसतो. डोक्यावरून अंघोळ करा आणि साडी वेगळी भिजवा. तुझ्या सासूबाईंनी मामीचा हात दोन्ही हातांत धरला होता म्हणे.

म्हणजे तू जो विटाळ म्हणून बघतेयस, तो तुझ्या मामीचा सल्ला आहे!

मी मामीला विचारलं, हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुम्ही नीट ऐकून घेत नाही, ते काही कान गेल्यावर सुरू झालेलं नाही." बेचाळीस वर्षांत तिने काय काय पेललं, याचा हिशेब मांडायला बसलो आणि उठलो.

पण प्रश्न आता मोठा झाला. ज्या बाईने जन्मात मासा शिवला नाही, तिच्या केसांत माशाचा वास का? तुझ्यापासूनच का लांब पळते? मला वाटतं, अप्पांच्या नाकाला तो वास ओळखू येणार नाही. तुझ्या नाकाला येईल. तू शोध. पण दमाने घे आणि त्यांना चोरासारखं पकडू नकोस.

तुझा मामा,
शरदचंद्र

*

वेस्ट मांबलम
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग श्रीवत्सला समोर बसवून एकच विचारलं, "भव्या कुठे राहते?" तो म्हणाला, "एन्नोर." "कोणाच्या घरात?" "मासेमारी करणाऱ्यांच्या." त्याचं जेवण तसंच राहिलं. नऊ वर्षांत तोही कधी गेला नव्हता. अम्मा जातात हे त्याला माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं.

काल शनिवार. दहाला अम्मा मांबलम स्टेशनवर पोचल्या, तिथे मी आधीच उभी होते. पकडायला नाही, मामा. हातात दोन तिकिटं होती. त्यांनी तिकिटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाकावर बसल्या. म्हणाल्या, "तुजला ठावूक झालं." मी म्हटलं, "हो." "वास आला?" "नाही अम्मा. तुम्ही येऊच दिला नाहीत." तशा त्या हसल्या, आणि हसता हसता रडल्या.

बीच स्टेशनवर गाडी बदलली. तिरुवोत्तियूर आलं, गेलं, आम्ही बसून राहिलो. एन्नोरला उतरलो की एका बाजूला वीजकेंद्राची धुराडी आणि दुसरीकडे वाळू. भव्याचं घर दोन खोल्यांचं. नवरा शाळेत गणित शिकवतो, सासरा अजून बोटीवर जातो, सासू अंगणात मासे सुकवते. ती मला बघून आत पळाली आणि नवी चटई घेऊन आली.

अम्मा स्वयंपाकघरात चुलीपाशी बसल्या. भव्या वंजीरम तळत होती, म्हणजे आपली सुरमई. अम्मांनी डबा उघडला. त्यात दहीभात, अर्धा त्यांचा, अर्धा भव्याचा. मासे तळले जातायत, धूर डोळ्यांत जातोय आणि या बाई तिथेच बसून दहीभात खातायत. मी विचारलं, "अम्मा, बाहेर बसायचं ना." म्हणाल्या, "बाहेर बसण्यास इतक्या लांब कशाला येऊं?"

मला भव्याने सुरमई वाढली. पंधरा महिन्यांनी! मला लाज वाटत होती. अम्मा माझ्या पानाकडे न बघता म्हणाल्या, "काटा बघून खा, कण्णा." कण्णा म्हणजे लाडकी. इतके दिवस मला कधी म्हणाल्या नव्हत्या.

परतीच्या गाडीत मी श्रीलक्ष्मी मावशींचा विषय काढला, टॉलरन्सचा. त्यांना आठवेचना. मग म्हणाल्या, "ती मजला सुनेचं नव्हती विचारत. मासे खाणाऱ्यांत लेक गेली, त्याचं टोचत होती. तिला आणखी काय सांगू? सोसते म्हटलं." माझ्यासाठी तो शब्द नव्हताच, मामा. मी आतून उचलला आणि छातीशी धरून बसले.

मी मनाशी ठरवून टाकलं, अंबत्तूर नको. सांगितलंसुद्धा. आणि अम्मा म्हणाल्या, "नाही. तुम्ही अंबत्तूरला जा." इतकं सगळं होऊन मला घालवतायत? पण त्या पुढे झुकल्या आणि सोवळंबिवळं विसरून माझा हात धरला. "त्यांनी शपथ घेतली ती दोन उंबरठ्यांची. त्यांचा आणि भव्याचा. तुझा उंबरठा त्यात नाही. मुलाच्या घरी बाप जाईल. भावाच्या घरी बहीण येईल. कोणाची शपथ मोडते?"

सदतीस वर्षं कारकुनाशी संसार केलाय, मामा. कलमं पाठ आहेत.

अप्पांना शनिवारचं ठाऊक नाही असं त्या समजतात. गीझरचं मी त्यांना सांगितलं नाही. काल आम्ही दोघी चारला पोचलो तेव्हा पाणी तापलेलं होतं आणि अप्पांचं तोंड पेपरात.

म्हणजे आता राहायची इच्छा झाली, तेव्हाच मला जायचंय. तेही अशी गाठ घालायला, जी सुटली तर दोष माझ्या घराचा. अप्पा आले आणि भव्याला बघून उठून गेले तर अम्मांचे हे शनिवारसुद्धा जातील. मला भीती वाटते. जाऊ का?

तुमची,
निधी

*

कुडाळ
२४ फेब्रुवारी २०२५

चि. निधी,

जा.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं आणि मामीने दोनदा ऐकलं. मग कपाटातून यंत्र काढून तिने माझ्या पुढ्यात ठेवलं. ते घालून हे लिहितोय. आपल्या घड्याळाचा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

मी तुला म्हटलं होतं, उचललंय कोणी आणि काय. तुझ्या सासूबाईंनी लेकही उचलली आणि नवऱ्याचं व्रतही उचललं, कोणतंच खाली ठेवलं नाही. लॅटिनवाल्यांना हाच अर्थ अभिप्रेत होता. मी तीस वर्षं फळ्यावर "सहनशीलता" लिहून पुढच्या शब्दाकडे जात होतो.

उठून गेले तर काय, असं विचारतेस. मी उठून गेलो होतो ना पंगतीतून? उठणाऱ्याचंच नुकसान होतं. केळी खावी लागतात.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. आणि पंगतीचं सांगून माफी माग. इंग्रजीत नको, मराठीत.

तुझा मामा,
शरदचंद्र

*

अंबत्तूर
१५ एप्रिल २०२५

प्रिय मामा,

पत्राला उशीर झाला. घर लावत होते आणि धीर गोळा करत होते. काल इथलं नवं वर्ष होतं, सगळ्यांना सुट्टी. श्रीवत्सने अप्पांना फोन करून जेवायला बोलावलं आणि फोन ठेवायच्या आधी एका दमात सांगितलं, "भव्यापण येणार आहे." मग अप्पा म्हणाले, "बस किती नंबरची?"

तुमची माफी पोचवली. अम्मा म्हणाल्या, त्यांना सांग, लिंबापेक्षा डोक्यावरून पाणीच खरं.

भव्या सकाळी आठलाच आली, नवरा संध्याकाळी येणार होता. अम्मा-अप्पा अकराला. अप्पा दारात थांबले, चपला नीट जोडून ठेवल्या, खाली बघतच आत आले आणि खिडकीशी बसून समोरच्या कारखान्याचं छप्पर बघत राहिले. भव्या आत माझ्याजवळ उभी होती. तिने सुरी माझ्या हातात दिली, कैरी मीच चिरली.

मडीचं काय, ही मला रात्रंदिवस काळजी होती. सणाचं जेवण अप्पा अम्मांच्याच हातचं खातात. पण अम्मा आल्या त्या सोफ्यावर बसल्या आणि पाय वर घेतले. "गुडघा धरलाय. मजकडून आज होणे नाही. मुली करतील." त्या गुडघ्याने सकाळी दोन बस बदलल्या होत्या! अप्पांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि परत छपराकडे.

भात मी केला. सांबार, भाजी आणि कैरीची पच्चडी, म्हणजे आपल्या मेथांब्यासारखी, भव्याने. केळीची पानं मांडली. अप्पा बसले. अम्मा त्यांच्या शेजारी. मी भात वाढला, भव्या सांबार घेऊन आली आणि त्यांच्या पुढ्यात वाकली. मामा, मला त्या वेळी खोलीतलं काही ऐकू येत नव्हतं. अप्पांनी पानावर हात आडवा धरला नाही. तिने वाढलं. त्यांनी कालवलं, एक घास घेतला, सावकाश गिळला. आणि नऊ वर्षांनी लेकीशी पहिला शब्द काढला.

"मीठ कमी आहे."

भव्या स्वयंपाकघरात धावली आणि ओट्याला धरून रडायला लागली. श्रीवत्स चिडला. मला पण वाटलं, एवढंच होतं बोलायला? अम्मा मात्र पदराने डोळे पुसत हसत होत्या. मला म्हणाल्या, "परक्यांस ते कधी असं बोलत नाहीत गे. कसलंही असो, चांगलं झालंय म्हणतात आणि गिळतात."

मग माझ्या ध्यानात आलं. चौदा-पंधरा महिने मी त्या घरात जे जे करून वाढलं, कच्चं, करपलेलं, आळणी, ते सगळं अप्पांनी मुकाट्याने खाल्लं होतं. सकाळी अम्मांखेरीज कोणाच्या हातचं न खाणारा माणूस संध्याकाळी माझं केलेलं खायचा आणि प्रत्येक वेळी म्हणायचा, "चांगलं झालंय." मी ते कौतुक समजून तुम्हाला फोनवर सांगायचे.

भव्या मीठ घेऊन आली. नाक लाल, डोळे लाल. अप्पांनी मीठ घेतलं, परत कालवलं, मान हलवली. मग दुसरा घास घेता घेता माझ्याकडे वळले.

"आणि निधी, भात चिकट झालाय."

तुमची,
निधी